अल्बियन म्यूजमधील चाक

कुंभाराने आपल्या मडक्यावर नाव घातल्याचे आम्ही कधी पाहिले नाही. संक्रांतीची सुगडे, बोहल्याभोवतीची उतरंड, चैत्र-वैशाखातला माठ, आणि शेवटी खांद्यावरून सोडायचे मडके, असे आयुष्याचे सारे टप्पे त्याच्या हातच्या मातीने सांभाळले. पण हे कोणी घडविले असे विचारण्याची रीत आपल्यात नाही. माठ बोटाने वाजवून पाहावा, ठणठणीत आवाज आला की घ्यावा, एवढाच आपला आणि कुंभाराचा व्यवहार. आमच्या घरांच्या फडताळांत पांढऱ्या-तपकिरी रंगाच्या चिनी मातीच्या बरण्या असत, त्यांवर कारखान्याचा शिक्का असे, पण कारखान्याचा शिक्का म्हणजे माणसाचे नाव नव्हे.

म्हणून एखाद्या साध्या, बिनचित्राच्या, बिनवेलबुट्टीच्या वाडग्याच्या बुडाशी दोन अक्षरांचा चिमुकला ठसा असावा, आणि त्या दोन अक्षरांमुळे तो वाडगा संग्रहालयाच्या काचेमागे जाऊन बसावा, ही गोष्ट आपल्या मनाला प्रथम खटकते. ती अक्षरे एल. आर. अशी आहेत. ल्यूसी री हे त्या बाईंचे नाव. विसाव्या शतकात हाताने घडविलेल्या, कमीत कमी रेषांच्या मृत्पात्रांचा विचार करू लागले की हे नाव टाळून पुढे जाता येत नाही. त्यांची कहाणी मराठीत फारशी आलेली आमच्या पाहण्यात नाही. इंग्रजीत ती वारंवार सांगितली जाते, पण एका ठराविक साच्यात. त्या साच्याबद्दल आमची थोडी तक्रार आहे. ती ओघाने येईल.

ल्यूसीबाईंचा जन्म १६ मार्च १९०२ रोजी व्हिएन्नात, गोंपर्झ या सधन ज्यू कुटुंबात झाला. वडील कान-नाक-घशाचे नामांकित वैद्य. सिग्मंड फ्रॉइड यांच्याशी त्यांचा व्यवसायाच्या निमित्ताने संबंध होता. आजोळ आयझेनश्टाटचे. तेथील मामा शांडोर वोल्फ द्राक्षमद्याचे व्यापारी आणि पुराणवस्तूंचे संग्राहक होते. त्या भागात जमिनीखालून रोमन काळच्या वस्तू निघत, आणि मामांच्या संग्रहात रोमन मृत्पात्रेही होती. दोन हजार वर्षे मातीखाली राहिलेल्या भांड्याचा रंग उडालेला असतो, चित्र पुसलेले असते. उरतो तो केवळ आकार. लहान वयात ज्याने अशी भांडी हाताळली त्याला पुढे सजावटीचा मोह कमी पडला तर नवल नाही.

१९२२ साली त्यांनी व्हिएन्नाच्या कलाउद्योग विद्यालयात प्रवेश घेतला. मिखाएल पोव्होल्नी हे तेथील मृत्शिल्पाचे शिक्षक. सांगतात ते असे की शाळेत फिरते चाक दिसले आणि बाई तेथेच गुंतल्या. १९२५ मध्ये स्वतःचा स्टुडिओ, १९२६ मध्ये हान्स री यांच्याशी विवाह. तो संसार फार जुळला नाही, पण आडनाव मात्र कायमचे चिकटले.

१९२८ च्या सुमारास व्हिएन्नातील या दांपत्याच्या घराची आतली रचना एर्न्स्ट प्लिश्के या तरुण वास्तुविशारदाने केली. अक्रोडाच्या लाकडाची कपाटे, फळ्या, बैठी स्टुले. कोठे नक्षी नाही, कोठे गोल गरगरीत पाय नाहीत. फळ्यांची मापेसुद्धा बाईंची भांडी मांडता यावीत अशी. भांडे आणि ते ठेवण्याची जागा एकाच वृत्तीतून घडलेली होती. या फर्निचरकडे वाचकांनी लक्ष ठेवावे.

१९३७ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात, ज्यासाठी पिकासोने ‘गेर्निका’ रंगविले त्याच प्रदर्शनात, बाईंना रौप्यपदक मिळाले. त्यांचे वय तेव्हा पस्तीस. लगेच पुढल्या वर्षी, मार्च १९३८ मध्ये, हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. ज्यू म्हणून जन्मलेल्यांना व्हिएन्नात जागा उरली नाही. त्याच वर्षी री दांपत्य लंडनला निघाले. हान्स तेथून पुढे अमेरिकेस गेले, बाई राहिल्या. १९४० मध्ये घटस्फोट झाला.

येथे क्षणभर थांबून स्वतःकडे पाहावेसे वाटते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, मूळ गाव सोडून शिंदे, होळकर वा गायकवाडांच्या मागून आलेल्या पूर्वजांच्या कथा आहेत. सोबत आणलेला देव्हारा, तांब्याचा हंडा, एखादी पेटी अजून दाखविली जाते. त्या कथा ऐकताना आपण स्वतःला विस्थापित म्हणवून घेतो. पण आपले पूर्वज सत्तेबरोबर आले, ल्यूसीबाईंना सत्तेने हाकलले. या दोन प्रवासांची बरोबरी करणे शोभणार नाही. साम्य एवढेच की त्यांनीही सामान आणले. प्लिश्केची अक्रोडी कपाटे आणि स्टुले व्हिएन्नाहून लंडनला आली.

हाइड पार्कच्या उत्तरेस अल्बियन म्यूज नावाची एक अरुंद गल्ली आहे. ‘म्यूज’ म्हणजे श्रीमंतांच्या हवेल्यांमागची पागा. खाली घोडे-गाड्या, वर मोतद्दारांची बिऱ्हाडे. अशाच एका जुन्या पागेत, १८ क्रमांकाच्या घरात, बाईंनी १९३९ मध्ये बिऱ्हाड केले. खाली चाक आणि भट्टी, वर राहणे. व्हिएन्नाच्या खोल्यांच्या मापाचे फर्निचर या लहान जागेत बसविण्याचे काम एर्न्स्ट फ्रॉइड यांनी केले. हे सिग्मंड फ्रॉइड यांचे चिरंजीव. व्यवसायाने वास्तुविशारद, आणि तेही निर्वासितच. प्लिश्के स्वतः तोवर न्यूझीलंडच्या वाटेला लागले होते. बाई पुढे अखेरपर्यंत, पन्नासहून अधिक वर्षे, याच घरात राहिल्या.

आता त्या साच्याविषयी. इंग्लंडमध्ये त्या काळी हातच्या कुंभारकामाचे निर्विवाद आचार्य होते बर्नार्ड लीच. हाँगकाँगमध्ये १८८७ साली जन्मलेले, जपानात कुंभारकाम शिकलेले. १९२० मध्ये शोजी हामादा यांना बरोबर घेऊन त्यांनी कॉर्नवॉलमधील सेंट आइव्हज येथे भट्टी उभारली, आणि १९४० मध्ये ‘अ पॉटर्स बुक’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या विद्येचा तो जणू धर्मग्रंथच ठरला. सोएत्सु यानागी यांच्या विचाराशी त्यांचे नाते होते. खरे सौंदर्य अनाम कारागिराच्या नित्य वापराच्या वस्तूत असते, हे त्या विचाराचे सूत्र. भांडे भरदार असावे, जमिनीवर घट्ट बसावे, त्यात मातीचा आणि ज्वालेचा स्वभाव दिसावा. अशा माणसापुढे व्हिएन्नाच्या या बाईंची पातळ, हलकी, शहरी भांडी गेली. लीच यांना ती पटली नाहीत. फार पातळ आहेत, बूड दुबळे आहे, भांड्यात माणूसपण नाही, असा त्यांचा अभिप्राय.

इंग्रजी लेखनातला साचा येथून असा पुढे जातो: लीच जुन्या मताचे आणि आडमुठे, बाई नव्या युगाच्या, बाईंनी त्यांना झुगारले आणि जिंकल्या. गोष्ट म्हणून हे छान वाटते. घडले मात्र तसे नाही. बाईंनी लीच यांना झुगारले तर नाहीच, उलट कित्येक वर्षे त्यांचे ऐकण्याचा मनापासून प्रयत्न केला. परका देश, मोडकी भाषा, व्हिएन्नातल्या पदकाची येथे कोणाला मातब्बरी नाही. अशा वेळी त्या देशातला सर्वांत जाणता माणूस ‘तुमचे चुकते आहे’ म्हणतो, तेव्हा त्याचे बरोबर असेल असे वाटणे स्वाभाविक होते. त्या काळात त्यांनी जाड भांडी करून पाहिली. ती त्यांच्या हातची वाटत नाहीत. आमच्या मते बाईंच्या आयुष्यातला खरा धोका हा होता. नाझींनी घर घेतले होते, पण हात घेतला नव्हता; तो हात या सद्भावनेच्या सल्ल्याने जाण्याच्या बेतात होता.

दरम्यान महायुद्ध सुरू झाले आणि पोटासाठी बाई गुंड्या करू लागल्या.

होय, कपड्यांच्या गुंड्या. व्हिएन्नाचेच फ्रिट्झ लाम्प्ल लंडनमध्ये ‘बिमिनी’ या नावाने काचेच्या गुंड्या व दागिने बनवीत; त्यांच्याकडे बाईंनी आरंभ केला, आणि युद्ध संपल्यावर अल्बियन म्यूजमध्ये स्वतःचा कारखानाच घातला. प्लास्टरच्या साच्यांत माती दाबायची, सुकवायची, झिलई द्यायची, भाजायची. उंची कपडे शिवणाऱ्या दुकानांसाठी हजारोंनी गुंड्या होऊ लागल्या. कापडाचा तुकडा यायचा आणि त्या छटेशी जुळणारी गुंडी हवी असायची. बाईंच्या चरित्रात हा भाग एखाद्या परिच्छेदात उरकतात, जणू तो वाया गेलेला काळ. आम्हांस तसे वाटत नाही. झिलई म्हणजे काचच. वाळू, राख, फेल्डस्पार यांच्या मिश्रणात तांबे, कोबाल्ट, मँगनीज, लोखंड यांची भस्मे चिमूटभर पडली की भट्टीत रंग उमटतो. चिमूट थोडी चुकली की रंग बदलतो. कापडाशी रंग जुळविण्याच्या या रोजच्या रगाड्यात झिलईची जी परीक्षा झाली, ती कोणत्या विद्यालयात झाली असती? पुढच्या काळातील बाईंचे पिवळे, गुलाबी, निळे वाडगे पाहताना त्या गुंड्या आठवतात.

या गुंड्यांच्याच कामासाठी १९४६ मध्ये एक सव्वीस वर्षांचा तरुण आला. हान्स कोपर. जन्म जर्मनीतील केम्निट्सचा, ज्यू वडिलांचा मुलगा. १९३९ मध्ये इंग्लंडला पोहोचला तर तेथे शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अटकेत पडला, कॅनडात पाठविला गेला, परत येऊन लष्कराच्या मजूर-तुकडीत राबला. त्याला शिल्पकार व्हायचे होते. मातीला हात लावलेला नव्हता. बाईंनी त्याला ठेवून घेतले, आणि थोड्याच दिवसांत तो चाकावर बसू लागला.

गुंड्यांचा बाजार बसल्यावर दोघांनी मिळून पेले, बशा, कॉफीची भांडी काढायला सुरुवात केली. बाहेरून मँगनीजची काळसर तपकिरी झाक, आतून दाट पांढरी झिलई. काठावर दोन्ही भेटतात तेथे एक बारीकशी विरलेली रेघ. लंडनच्या दुकानांत ती विकली जात. यांतल्या पुष्कळ भांड्यांच्या बुडाशी दोघांचेही ठसे शेजारी-शेजारी आहेत. मालकीण आणि नोकर असा भेद ठशात नाही, ही आम्हांस त्यांच्या नात्याची सर्वांत बोलकी साक्ष वाटते.

आणि हाच कोपर, ज्याला कुंभारकामाची ओनामा बाईंनी शिकविली, त्यानेच बाईंना सांगितले की लीच यांच्यासारखी भांडी करणे सोडा, तुमची करा. बाईंनी हे पुढे मोकळेपणाने मान्य केले. आपल्याला शिकविणारा कोपर, असे त्या म्हणत. वयाने अठरा वर्षांनी लहान, विद्येने कालचा पोर. पण त्याच्यासारख्याच परक्या माणसाने ते म्हणावे लागले. कोपर १९५८ पर्यंत तेथे होता, नंतर त्याने स्वतंत्र स्टुडिओ केला. १९६२ च्या कॉव्हेंट्री कॅथीड्रलमधील उंच दीपस्तंभ त्याच्या हातचे. १९८१ मध्ये दुर्धर आजाराने तो गेला.

त्या सुमारास, १९४८ मध्ये, दोन गोष्टी घडल्या. बाईंनी नवी विद्युत्-भट्टी घेतली, आणि एव्हबरीच्या संग्रहालयात प्रागैतिहासिक मृत्पात्रे पाहिली. त्या भांड्यांवर पक्ष्याच्या हाडाने ओढलेल्या रेषा होत्या. बाईंनी हाडाऐवजी सुई घेतली. मँगनीजच्या काळ्या लेपातून सुईने उभ्या रेषा ओढायच्या म्हणजे खालची पांढरी माती डोकावते. जवळून पाहिले तर कळते की एकही रेषा दुसरीशी तंतोतंत समांतर नाही, आणि पट्टीने ओढलेली तर नाहीच.

येथे थोडे कामाच्या रीतीविषयी. सर्वसाधारण रीत अशी की भांडे एकदा कच्चे भाजायचे, मग झिलईत बुडवायचे आणि पुन्हा कडक आचेवर भाजायचे. बाई तसे करीत नसत. भांडे वाळले की कच्च्या, न भाजलेल्या मातीवरच त्या ब्रशाने झिलई चढवीत आणि एकदाच, सुमारे साडेबाराशे अंशांपर्यंत भाजत. आपल्या कुंभाराच्या आव्याची आच साधारण सातशे ते नऊशे अंशांच्या घरात; म्हणून माठ पाझरतो आणि पाणी गार राहते. साडेबाराशेला माती दगडासारखी आवळते, पाझर थांबतो. कच्च्या भांड्यावर ओली झिलई लावणे जोखमीचे: माती पाणी पिऊन ढासळू शकते. पण माती आणि झिलई एकत्रच पिकतात, एकमेकींत मिसळतात. रंग वरून चढविल्यासारखा न दिसता आतून आल्यासारखा दिसतो. बाईंच्या ओबडधोबड, फोड आलेल्या झिलया यातूनच निपजल्या. कधी दोन रंगांच्या माती एकत्र मळून चाकावर चढविल्या म्हणजे भांड्याभोवती रंगाचा नागमोडी वळसा आपोआप उठे. लीच यांच्या पंथात लाकडाच्या वा तेलाच्या भट्टीतील ज्वाला ही देवता. बाई शहरातल्या पागेत विजेचे बटण दाबीत. पुष्कळांना वीज म्हणजे निर्जीव वाटे. बाईंनी त्या निर्जीव म्हटलेल्या भट्टीतून सोनेरी ओघळ काढून दाखविले.

त्यांचे वाडगे वर उमललेले आणि खाली अगदी लहानशा पडघीवर तोललेले असतात. आमच्या घरच्या बायकांनी पहिल्याच दृष्टीला विचारले असते, कलंडत नाही का हो? प्रश्न रास्त आहे. लीच यांनीही वेगळ्या शब्दांत तोच विचारला होता. उत्तर असे की तोल वजनात नसून वळणात आहे. हातात घेतल्यावर तो वाडगा दिसतो त्याहून हलका निघतो. अर्थात वरणभातासाठी तो नव्हे, हेही कबूल केले पाहिजे. उंच मानेच्या बाटल्यांचेही तसेच. पोट, मान आणि पसरट काठ वेगवेगळे चाकावर काढून मग जोडलेले. फुलाला जागा आहे, पण फूल नसले तरी भांडे अपुरे वाटत नाही.

एवढे सगळे असूनही लीच यांना खलनायक करण्यास आम्ही तयार नाही, आणि त्याचे कारण एक पांढरी बरणी आहे. कोरियात अठराव्या शतकाच्या आसपास पांढऱ्या पोर्सलिनच्या मोठ्या गोल बरण्या होत. त्यांना चंद्रबरणी म्हणतात. दोन अर्धगोल वेगळे काढून मध्ये जोडलेले, म्हणून कमरेशी किंचित वाकडेपण राहते. लीच यांनी अशी एक १९३५ मध्ये सेऊल येथे घेतली होती. युद्धकाळात, १९४३ मध्ये, ती ल्यूसीबाईंकडे आली. पुढे नेणार होते म्हणतात. पण अल्बियन म्यूजमध्ये ती जेथे ठेवली होती तेथे पाहिल्यावर लीच यांनी ती तेथेच राहू दिली. पन्नासांहून अधिक वर्षे ती बाईंच्या नजरेसमोर होती. ज्याला तुमचे काम पटत नाही तो तुम्हांला आपल्याजवळची सर्वांत सुंदर वस्तू देऊन ठेवतो, ही मैत्री साच्यात बसत नाही. लीच यांनी पुढे मतही पुष्कळ बदलले. १९७९ मध्ये ते गेले, तोवर स्नेह टिकून होता.

भारतातही स्टुडिओतील कुंभारकामाचा एक मोठा प्रवाह जपानच्या वाटेने आला. सरदार गुरचरण सिंग १९१९ मध्ये जपानला शिकण्यास गेले, तेथे त्यांचा लीच, यानागी, हामादा यांच्याशी परिचय झाला. १९५२ मध्ये त्यांनी दिल्ली ब्ल्यू पॉटरी स्थापन केली. पुदुच्चेरीस १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी सुरू केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीमागेही जपानी शिक्षण आहे. त्यामुळे आपल्याकडच्या या बोलीत लीच यांचा शब्द अधिक ऐकू येतो. निर्मला पटवर्धन यांनी कुंभारकामावर १९८४ मध्ये इंग्रजीत जी मार्गदर्शिका लिहिली, ती आजही या विद्येच्या अभ्यासकांच्या हाती दिसते. आणि बडोदेकरांना हे सांगायला नकोच की सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विभागात ज्योत्स्ना भट्ट यांनी २००२ पर्यंत मृत्शिल्प शिकविले. कच्छमधील मांडवीच्या या बाई (१९४०–२०२०). त्यांच्या मंद, चकाकी नसलेल्या झिलईच्या पात्रांत ल्यूसीबाईंचे अनुकरण मुळीच नाही, पण रंगाने आकारावर कुरघोडी करू नये ही शिस्त तीच.

ल्यूसीबाईंना मान उशिरा आणि मग एकदम मिळाला. १९६७ मध्ये आर्ट्स कौन्सिलने त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरविले. तेव्हा त्या पासष्ट वर्षांच्या होत्या. १९६० पासून दशकभर त्यांनी कँबरवेलच्या कलाशाळेत शिकविले. १९८२ मध्ये बी.बी.सी.साठी डेव्हिड ॲटनबरो यांनी त्यांची मुलाखत घेतली. तीत बाई प्रश्नांना जेमतेम उत्तरे देतात, आणि भट्टी उघडताना मात्र चेहरा मुलासारखा होतो. आलेल्यागेलेल्याला घरी केलेला केक आणि स्वतःच्या पेल्यात कॉफी. आपल्या कामाचे तत्त्वज्ञान सांगावे असा कोणी आग्रह धरला तर त्या विषय बदलीत. ‘मिनिमलिझम’ हा शब्द त्यांच्या भांड्यांना आज सहज लावतात. तो त्यांच्या तोंडी असल्याचे आमच्या वाचनात नाही.

जपानी वस्त्रकार इस्सेइ मियाके यांना १९८४ मध्ये लंडनमध्ये त्यांचे काम प्रथम दिसले आणि ते बाईंना भेटावयास गेले. १९८९ मध्ये तोक्यो आणि ओसाका येथे त्यांनी बाईंचे प्रदर्शन मांडले, रचना तादाओ आंदो यांची. ज्या देशाच्या नावाने लीच यांनी बाईंना नापास केले होते, त्याच देशात पाण्यावर तरंगल्यासारखी मांडलेली ती पातळ भांडी पाहण्यास लोक आले. आणि युद्धकाळातील त्या गुंड्या? अल्बियन म्यूजच्या खणांत जपून ठेवलेल्यांपैकी काही मियाके यांनी आपल्या त्या वर्षीच्या कपड्यांना लावल्या.

१९९० मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि चाक थांबले. १९९१ मध्ये ‘डेम’ हा किताब मिळाला. १ एप्रिल १९९५ रोजी त्या निवर्तल्या.

चंद्रबरणी १९९९ पासून ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. चाक, हत्यारे आणि कामाचा कट्टा लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, पागेतल्या खोलीप्रमाणे पुन्हा मांडून ठेवले आहेत. अक्रोडाची कपाटे आणि स्टुले मात्र तेथे नाहीत. ती व्हिएन्नाला परत नेली, आणि तेथील फर्निचर-संग्रहालयात १९२८ च्या त्या खोल्या जशाच्या तशा उभ्या केल्या आहेत.